चौथा ठिपका

मिलमध्ये मी दुसऱ्यांची फुलं उतरवायचो. काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट असायची. वर बाजारात खपणारी कुणाची तरी साडी पसरायची, तिच्यावर पारदर्शक फिल्म ठेवायची आणि एकेका रंगासाठी एकेक फिल्म काळ्या शाईने रंगवत बसायचं. शेवटी एक पाकळी वळवली, एक पान उलटं केलं, की डिझाइन आमचं. आमच्या मिलचं डिझाइन पंधरा दिवसांत दुसरी मिल उतरवायची आणि आम्ही तिसरीचं. सुरतेत याला कुणी चोरी म्हणत नव्हतं. मीही म्हणत नव्हतो.

वडील त्याच मिलच्या रंगखोलीत कामाला होते. आम्ही धुळ्याकडचे, राहायला बमरोलीच्या चाळीत, घरात अहिराणी. आई घरी बसून साड्यांवर चकचकीत खडे चिकटवायची. ठेकेदार साड्यांचा गठ्ठा आणि खड्यांची पुडी टाकून जायचा आणि तीन दिवसांनी गठ्ठा उचलून न्यायचा. आईच्या बोटांच्या टोकांवर वाळलेल्या गोंदाची साल कायम असायची. भाकरी थापायच्या आधी आई ती नखाने सोलून काढायची.

नव्वदनंतर बाजारात फॅशन हा शब्द फार वाजायला लागला. एके दिवशी शेठनी मला बोलावलं आणि इंग्लंडच्या एका कॉलेजचं माहितीपत्रक पुढ्यात टाकलं. वर्षभराचा कोर्स होता, खर्च मिल करणार होती. मी गोंधळलो, तेव्हा ते हसून म्हणाले, "सब लोग कॉपी की कॉपी करते हैं. तू जा के ओरिजिनल की कॉपी सीख के आ."

माझ्या लग्नाला तेव्हा सात महिने झाले होते. बायको जळगावची, बारावी झालेली, माझ्यापेक्षा सरळ बोलणारी. मी निघालो तेव्हा तिला दिवस जाऊन दोन महिने झाले होते आणि ते आम्हा दोघांनाही पक्कं माहीत नव्हतं. तिथे पोचल्यावर पहिल्या पत्रातून कळलं. मला आनंद झाला, पण त्या आनंदाचं काय करायचं ते कळेना. मी पत्र घडी करून रंगांच्या डब्यात ठेवलं आणि वर्गात गेलो.

वर्गात माझा हात सगळ्यांत स्वच्छ होता. रेघ हलायची नाही. पण शिकवणाऱ्या बाई माझे कागद चाळायच्या आणि बाजूला ठेवायच्या. एकदा म्हणाल्या, "हे सगळं मी दुकानात पाहिलंय. यात तुमचं काय आहे?" मला राग आला. मग लाज वाटली, कारण खरंच माझं काही नव्हतं. कपड्यांच्या शेवटच्या संग्रहासाठी प्रत्येकाला स्वतःच्या घरातून, स्वतःच्या माणसांतून काही तरी आणायचं होतं. दोन आठवडे मी कोरा कागद घेऊन बसलो. एकदा कपडे धुण्याच्या दुकानात एक म्हातारा शेजारी येऊन बसला. त्याच्या हातावर निळ्या शाईने जहाजाचा नांगर गोंदलेला होता. त्याने बाही वर केली आणि मला आईचे हात आठवले.

आईच्या दोन्ही हातांवर कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण होतं. मधोमध तुळस, दोन्ही बाजूंना चढत्या रेघा, खाली एक विंचू. उजव्या मनगटाच्या वर तीन ठिपके एका ओळीत होते. ते आम्ही तीन भावंडं. आणि ओळीच्या बाहेर, थोडा खाली, डावीकडे सरकलेला चौथा ठिपका. लहानपणी मी त्यावर बोट ठेवून विचारलं होतं, हा असा बाजूला का? आई म्हणाली होती, "हाई तुनी बहीन शे." माझ्यानंतर झालेली मुलगी, महिन्याच्या आत गेलेली. तिचं नावही ठेवलं नव्हतं. तिचा फोटो नाही, कपडा नाही. जगात तिची खूण म्हणून होता तो हा ठिपका, आईच्या कातडीवर. हे मला माहीत होतं. न कळता केलं असं म्हणायची सोय मला नाही.

मी बायकोला लिहिलं की आईच्या हातांचे फोटो पाठव, दोन्ही हात, कोपरापासून खाली, सगळं गोंदण दिसायला हवं. आणि पुढे लिहिलं, आईला सांग, मला तिची फार आठवण येते म्हणून मागवलेत. अभ्यासाचं काही बोलू नकोस.

एप्रिल महिना होता आणि बायकोला आठवा लागला होता. ती आईला शटल रिक्षात बसवून भेस्तानच्या फोटो स्टुडिओत घेऊन गेली. सोबतच्या पत्रात तिने लिहिलं होतं: "तुम्ही सांगितलं तसं खोटं बोलले. स्टुडिओवाला हसला, म्हणाला, नुसत्या हातांचा पासपोर्ट काढायचाय का? पण आई तयारच होईनात. म्हणाल्या, तो एकटा शे तठे, नुसता हात पाहीसन काय करी तो? म्हणून प्रत्येक फोटोत त्या आहेतच. नवी साडी नेसल्या होत्या. मला हे बरं वाटलं नाही. तुम्ही त्यांना खरं काय ते लवकर कळवा. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर वाईट दिसेल."

सहा फोटो होते. प्रत्येकात आई खुर्चीवर ताठ बसलेली, चेहऱ्याला पावडर लावलेली, दोन्ही हात पुढे केलेले, जणू कुणी तिला बांगड्या भरणार आहे. आणि ती हसत होती. माझ्याकडे बघून हसत होती.

मला चेहरा नको होता. चेहरा आला की तो घरगुती फोटो होत होता, डिझाइनचा कागद राहत नव्हता. मी पोलादी पट्टी लावली आणि सहाही फोटो कापले. हात बोर्डावर डकवले. चेहरे टेबलाच्या कडेवरून पेन्सिलींच्या सालांसकट खालच्या टोपलीत ढकलले. टोपलीत कुणी तरी अर्धी कॉफी टाकली होती. मी पाहिलं आणि पुन्हा कामाला लागलो. त्या दिवशी माझं काम फार छान चाललं होतं, हेही लिहायला हवं. इतकं छान आधी कधी चाललं नव्हतं. त्या दिवशी मला भूकही नीट लागली आणि मी पोटभर जेवलो.

तुळस आणि रेघा यांचं डिझाइन नीट बसत होतं, पण मेलेलं दिसत होतं. मग मी तो चौथा ठिपका घेतला. ओळीबाहेरचा. तो येताच सगळं हललं. नजर त्या ठिपक्यावर अडखळायची आणि पुढे जायची. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या, त्या ठिपक्यावर पेन्सिल टेकवून म्हणाल्या, "हे. हे तुमचं आहे." मला गुदगुल्या झाल्यासारखं झालं. माझी बहीण मला कामाला आली होती.

संग्रह दाखवायच्या दिवशी बाहेरचे तीन परीक्षक आले. त्यांतल्या एकाने बोर्डावरच्या फोटोंकडे बोट दाखवून विचारलं, "हे हात कुणाचे?"

साधा प्रश्न होता. माझ्या आईचे, एवढंच म्हणायचं होतं. पण गोंदाची साल फोटोत दिसत होती. नखं तुटलेली होती. त्या खोलीत स्वच्छ भिंती होत्या, वाइनचे पेले होते, बाकीच्या मुलांचे आईबाप चांगले कपडे घालून उभे होते. मी म्हणालो, "आमच्या भागातली एक आदिवासी बाई आहे. मी संशोधनासाठी तिच्याकडे गेलो होतो."

परीक्षकाने मान डोलावली आणि संशोधन हा शब्द वहीत लिहिला.

मुलगी झाल्याचा निरोप आला तो याच्या तीन आठवडे आधी. कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंनी चिठ्ठी आणून दिली, माझा हात हातात घेऊन हलवला. मी टाचण्या लावत होतो, एका झग्याचा खांदा बसत नव्हता. चिठ्ठी खिशात घातली. खांदा बसवला. मग दुसरा. फोन केला तो दोन दिवसांनी. बायको आमच्या चाळीखालच्या फोनच्या दुकानात टाक्यांसकट उभी होती. ती म्हणाली, "तुम्हाला काही झालं तर नाही ना? आम्ही घाबरलो होतो." मी म्हणालो, काम होतं. मग ती बाळाचं वजन सांगत राहिली आणि मी मनात म्हणत होतो, फोनची मिनिटं चाललीत.

कोर्सचे उरलेले महिने संपवून मी परत आलो तेव्हा मुलगी पाच महिन्यांची होती आणि मला पाहून रडली. शेठनी आम्हाला भेस्तानला मिलची दोन खोल्यांची जागा दिली. आईवडील बमरोलीतच राहिले. पहिल्याच आठवड्यात बायकोने विचारलं, "आईंना सांगितलंत का?"

"काय सांगायचं त्यात?"

"फोटो कशाला हवे होते ते. आणि ते चित्र आता साडीवर येणार म्हणताय ते."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना."

शेठना संग्रह पसंत पडला. झगे वगैरे त्यांनी नजरेआड केले आणि डिझाइन जॉर्जेटच्या साडीवर घ्यायला सांगितलं. नमुन्याची पहिली साडी निघाली तेव्हा स्क्रीन खात्याचा मिस्त्री ती घेऊन माझ्याकडे आला. त्याने त्या ठिपक्यावर नख आपटलं. "साहेब, स्क्रीनला भोक पडलंय. रंग गळतोय इथे. बुजवून टाकतो." स्क्रीनवर बारीक छिद्र राहिलं की कापडावर नको तिथे ठिपका उठतो. तो दोष मानतात आणि लाखेने बुजवतात. मी म्हणालो, "बुजवू नका. ते डिझाइन आहे." मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, मग डिझाइनकडे, आणि म्हणाला, "परदेशात भोकाला डिझाइन म्हणतात का?" सगळं खातं हसलं. मीही हसलो.

साडी चालली. मी दर रविवारी बायको-मुलीला घेऊन बमरोलीला जायचो, आईच्या हातचं जेवायचो, आणि काहीच बोलायचो नाही. परतताना रिक्षात बायको विचारायची नाही. नुसती मुलीचं टोपडं सारखं करत बसायची.

महिनाही झाला नसेल, पर्वत पाटियाच्या एका गोदामात मी ती साडी पाहिली. आमची नव्हती. कापड हलकं, रंग भडक, पण डिझाइन तेच. कुणी तरी काचेच्या टेबलावर पसरून उतरवलं होतं, जसं मी वर्षानुवर्षं उतरवत आलो होतो. मला खरोखर राग आला. माझं चोरलं, असं माझ्या मनात आलं. माझं! मग मी वाकून पाहिलं. तीन ठिपके होते. चौथा नव्हता. उतरवणाऱ्याला तो स्क्रीनचा दोष वाटला असणार. चांगला, स्वच्छ हाताचा माणूस असणार. त्याने दुरुस्त केलं होतं. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

पुढच्या रविवारी बमरोलीच्या खोलीत शिरलो तर जमिनीवर तीच गोदामातली साडी पसरलेली होती. बाजूला पंचवीस-तीस साड्यांचा गठ्ठा. आई मांडी घालून बसली होती, उजव्या हातात गोंदाची बाटली, डाव्या तळव्यावर खडे. तुळशीवर खडे, विंचवाच्या नांगीवर खडे, तीन ठिपक्यांवर तीन खडे. गोंदाचा आंबट वास खोलीभर होता. बायको दारातच थांबली. मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती. मी काही बोलायच्या आत ठेकेदार गठ्ठा न्यायला आला. त्याने वरच्या चार साड्या उलगडून पाहिल्या आणि कपाळाला हात लावला.

"मासी, ये क्या किया? हर साडी में एक स्टोन बाहर! आँख कमजोर हो गई क्या?"

आई खाली बघून खडा चिकटवत होती. "नही. उधर होना चाहिए."

"होना चाहिए? मासी, डिझाइन तुम बनाती हो क्या?"

मी तिथेच होतो, हातभर अंतरावर. परदेशी शिकून आलेला डिझायनर. एक शब्द बोललो असतो तर पुरला असता. मी बूट काढत होतो, ते काढतच राहिलो. ठेकेदार म्हणाला की सगळे जादा खडे काढून द्या, नाही तर माल उचलणार नाही आणि पुढचं कामही मिळणार नाही. तो गेला.

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. साडी मांडीवर ओढली, उजवा हात तिच्यावर उताणा ठेवला. मग पालथा केला. कापड आणि कातडी शेजारी शेजारी. "हाई मना हात शे," ती म्हणाली. "मी पहिल्या दिनलेच वळखं. पन यास्नी पोरले काढी टाकं. म्हनीसन मी लाई दिन्ही."

त्यांनी पोरीला काढून टाकलं होतं, म्हणून तिने प्रत्येक साडीवर एकेक खडा लावून पोर परत बसवली होती. तीस साड्यांवर. तीस अनोळखी बायकांच्या अंगावर जाणाऱ्या तीस साड्यांवर.

मी खाली बसलो आणि खडे उपटायला लागलो. दुसरं काही सुचलं नाही. नखाने खडा निघायचा, पण गोंदाचा पिवळा चट्टा राहायचा, कधी कापडाचा धागा खेचला जायचा. आईही उपटत होती. आमची बोटं चिकट झाली. एका साडीवर दोघांची बोटं एकाच खड्यावर आली आणि तिने आपली काढून घेतली. मला स्वतःच्या बोटांची अशी शिसारी आली की ती झटकून टाकता आली असती तर बरं झालं असतं.

"तूच काढं ना हाई?" तिने विचारलं. "फोटू मांगाडा तो यानासाठेच ना?"

"हो."

बायको दारातून म्हणाली, "आई, मीही खोटं बोलले तुमच्याशी. मला माहीत होतं."

आईने पुढचा खडा उपटला. मला म्हणाली, "तठे सगळास्ले दखाडं?"

"हो. मोठा कार्यक्रम होता."

"कोनी इचारं नही का, कोना हात शेतस म्हनीसन?"

मी मान खाली घातली होती. वर पाहिलं तर ती माझ्याकडे टक लावून बघत होती. रागाने नव्हे. तिला रागच यायला हवा होता, मी त्याचीच वाट बघत होतो. राग आला असता तर मी सगळं सांगून टाकलं असतं, असं मला वाटतं. पण तिच्या चेहऱ्यावर काही तरी उजळायच्या बेतात होतं. मी तेवढं हो म्हटलं की ते उजळणार होतं.

"इचारं," मी म्हणालो.

"मंग? काय सांगं तू?"

"मनी मायना शेतस."

तिने पदराने तोंड पुसलं. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

त्या दिवशी सगळे खडे आम्ही काढले आणि ठेकेदाराने नाक मुरडत माल नेला. मी हलका झालो असेन असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. खोटं बोलून मिळवलेली माफी तोंडात धरून बसलो होतो, थुंकताही येत नव्हती. रिक्षात बायकोने विचारलं, "खरंच असं सांगितलं होतंत तिथे?" मी तिला खरं सांगितलं. परदेशातून आल्यापासून तिला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट. थोड्या वेळाने तिने मुलीला माझ्या मांडीवर दिलं आणि रिक्षाच्या बाहेर बघत राहिली.

पुढच्या रविवारी गेलो तर आईने चाळीतल्या पाच-सहा बायका जमवल्या होत्या. चहा चालला होता. आईचे दोन्ही हात पुढे होते. "मना हात फॉरेन जाई उनात," ती सांगत होती. "मी आठेच, पन मना हात जाई उनात. तठला सायेबनी इचारं, कोना हात? मना पोऱ्या म्हने, मनी मायना." बायका खिदळत होत्या. एकीने विचारलं, "का हो भाऊ, खरंच असं म्हणालात?"

बायको माझ्या शेजारीच उभी होती.

"हो," मी म्हणालो. "मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

हे टाळ्यांचं मी जादाचं घातलं. तिथे टाळ्या वाजल्या होत्या, पण त्या संशोधनासाठी. आईने ते लगेच उचललं आणि पुढच्या वेळेपासून गोष्टीत टाळ्या आल्या. ती आणखी नऊ वर्षं जगली. ही गोष्ट मी तिच्या तोंडून शेकडो वेळा ऐकली असेन, आणि प्रत्येक वेळी मान डोलावली. तिला खरं सांगितलं नाही. शेवटच्या आजारातही नाही. तेव्हा सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं आणि तिला काय वाटलं असतं, या विचाराने थांबलो, असं मी स्वतःला सांगतो. मी भित्रा आहे, हे त्याहून खरं.

पण त्या रविवारचं अजून थोडं राहिलं. चहा संपल्यावर शेजारची एक म्हातारी माझ्यापुढे सरकली. तिने बांगड्या वर सारल्या आणि वाळलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "मना हात बी काढ ना रे भाऊ," ती म्हणाली. तिच्या हातावर मासोळ्यांसारख्या आडव्या ओळी होत्या, एकीत एक अडकलेल्या, मी कधीच न पाहिलेल्या. त्या कुणाच्या, कशाच्या, मी विचारलं नाही. माझी नजर मनगटापासून कोपरापर्यंत गेली आणि परत आली, आणि मला कळायच्या आत मी मोजायला लागलो होतो की साडीच्या पन्ह्यात या ओळी किती वेळा बसतील.

"पुढच्या रविवारी वही घेऊन येतो, मावशी," मी म्हणालो.

बायकोने मुलीला उचललं आणि ती बाहेर गेली.